पुन्हा तोच खड्डा

"हाही उखडला!" मुलानं मोटारसायकल फाटकातच उभी केली. "बाबा, गेल्या रविवारी एवढा ठोकून भरला होता की नाही?"

"भरला होतास," वडील म्हणाले. "मन लावून भरला नव्हतास."

फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत मातीची वाट, आणि तिच्यात हे खड्डे. वडलांचा जन्म रस्त्याच्या कामावर मुकादमी करण्यात गेला आणि स्वतःच्या दारातली वाट काही धड राहीना. आता कंबर धरल्यामुळे ते खुर्ची टाकून नुसते हुकूम सोडत.

मुलगा वेगळा राहायला गेला तेव्हा बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. वर्षभर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. शेवटी आईनंच फोन केला, "अरे, वाटेची चाळण झालीय, यांना आता जमत नाही रे." तेव्हापासून तो दर रविवारी येत होता. बोलणं फक्त खड्ड्यांचं, पण बोलणं होतं. आईला तेवढ्यानंही भरून यायचं.

"आधी पाणी उपस. कडा सरळ काप. खाली खडी, वर मुरूम. आणि ठोकताना हात चोरू नकोस."

"हात चोरला असता तर हे फोड आले असते का?"

"बघू." वडलांनी त्याचा तळवा हातात धरला, जरा जास्तच वेळ. "हं. तेल लाव."

काम संपल्यावर चहा पिताना मुलगा म्हणाला, "पुढच्या रविवारी सिमेंटच ओतून टाकतो. एकदाची कटकट मिटेल."

आईनं हातातला कप खाली ठेवला. कटकट मिटली की हा कशाला येतोय इकडे?

"सिमेंट नको!" वडील खेकसले. "तडे जातात. काही कळतं का तुला?"

"बरं बाबा, मुरूम तर मुरूम."

आईचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्याचा हट्ट आयुष्यात पहिल्यांदाच कामी आला होता.

शनिवारी दुपारी "जरा पडतो" म्हणून वडील खोलीत गेले. आईनं थोडी वाट पाहिली. मग मागच्या दारानं बाहेर पडून तिनं पहार उचलली आणि दर शनिवारसारखी घराला वळसा घालून पुढे आली.

पहिल्याच खड्ड्यापाशी वडील फतकल मारून बसले होते आणि मुलानं ठोकलेला मुरूम खुरप्यानं उकरत होते.

चाहूल लागताच ते दचकले. "मी आपलं... पाणी कुठं मुरतंय ते बघत होतो," असं म्हणेपर्यंत त्यांची नजर तिच्या हातातल्या पहारीवर गेली.