कांद्यांची कॉफी

टण्ण! शांत स्वयंपाकघरात चमचा काचेवर आपटला. ती धावत आली. खिडकीच्या पडद्यामागे तिनं सहा पेले ठेवले होते. प्रत्येकाच्या तोंडावर एक कांदा, खाली स्वच्छ पाण्यात सोडलेली पांढरी मुळं. आता पाच पेले तपकिरी झाले होते, आणि चार वर्षांची लेक पाचवा ढवळत होती.

"अगं, काय करतेस?"

"उठवतेय त्यांना. तूच म्हणालीस ना, औषधानं झोपलेत म्हणून? तू नाही का कॉफी प्यायल्यावरच उठत! काल संध्याकाळीपण दिली. उठेचनात."

तिनं कपाळावर हात मारला. औषध म्हणजे कॉफीतलं कॅफिनच होतं. कॅफिननं मुळांतल्या पेशींचं विभाजन थांबवायचं, मग साध्या पाण्यात ते पुन्हा सुरू होतं का, ते बघायचं. चार वर्षं बंद पडलेलं संशोधन तिनं गेल्या महिन्यात परत हाती घेतलं होतं. आज अकराला मार्गदर्शक सरांना विभागणाऱ्या पेशी दाखवायच्या, नाहीतर पीएचडीच्या यादीतून नाव कटणार.

"माणसांना कॉफी पुरेना, अन् कांद्यांचे लाड बघा," सासूबाई दारातून म्हणाल्या.

सहाव्या पेल्यातलं पाणी मात्र नितळ होतं.

"याला का नाही दिलीस?"

आईला एवढंही कळत नाही, अशा नजरेनं लेकीनं पाहिलं. "तो छोटा आहे ना! लहानांनी कॉफी प्यायची नसते. दूध देणार होते, पण आजीनं संपवलं."

"म्हणजे माझ्यामुळे वाचला," सासूबाई म्हणाल्या.

शाळेला सुट्टी होती. लेकीला कडेवर आणि कांद्याला पेल्यासकट हातात घेऊन ती प्रयोगशाळेत पोचली. मुळाचं टोक कापलं, रंगवलं, काचपट्टीवर अंगठ्यानं दाबलं. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते वाकलेच.

"एकच कांदा?"

"बाकीचे पाच कॉफी प्यायले, सर."

सर हसत सुटले. "हा मात्र टक्क जागा आहे! धडाधड विभागतोय. चार वर्षं थांबलेलं काम आहे तुमचं, आता थांबू नका."

तिचे डोळे भरून आले. लेक स्टुलावर चढली, एक डोळा मिटून आत बघत राहिली.

"आई, हा कशानं थांबला होता?"

"कॅफिननं."

"मग तुझं काम चार वर्षं कशानं थांबलं होतं?"