स्टॅच्यू

कालिंदीनं व्हिडिओ कॉलवर दोस्तांचा स्टॅच्यूचा डाव मांडला. जो शेवटपर्यंत हलणार नाही, त्याला बाकीच्यांनी एकेक ड्रम पाणी द्यायचं.

तेवढ्यात गुडघे धरून बसलेल्या सासूबाई ओरडल्या, "कालिंदे, नळ आले गं! आठ दिवसांनी आले!"

कालिंदी हलली नाही.

पलीकडच्या गल्लीतही नळ आले; श्रीरंगच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोही हलला नाही. वैजनाथ तर तोंड उघडं ठेवून दगडासारखा बसलेला.

नळ गेले. सासूबाईंनी रिकामी बादली आपटली, तसे कालिंदी अन् श्रीरंग दोघंही दचकले.

"जिंकलास लेका वैजा! आता तरी हल!" श्रीरंग ओरडला.

वैजा हलेना. घाबरून कालिंदीनं त्याला साधा फोन लावला.



"अगं, नेट गेलं होतं. म्हणलं, तोवर पाणी भरून घ्यावं. तुमचं झालं का भरून?"