अकरा विरुद्ध शून्य

"या खेपेलाही बोलावणं त्यालाच," जेलर म्हणाला. थोरल्याकडे बघायचंसुद्धा टाळलं त्यानं.

सबंध देशात फाशी देणारे दोघेच. हा थोरला आणि त्याचा मावसभाऊ धाकटा. थोरल्याची नोकरी बावीस वर्षांची. पहिली सतरा वर्षं फाशीचा कैदीच आला नाही, आणि यायला लागले तेव्हा धाकटा येऊन बसला होता. धाकट्याच्या नावावर अकरा. थोरल्याच्या नावावर भोपळा.

"आणि ही शेवटचीच बरं का," जेलर म्हणाला. "फाशी बंद करायचा कायदा येतोय. सभागृहात भांडणं चाललीत, पण येणार."

थोरल्याच्या पोटात असं दुखलं की विचारू नका. घरी बायकोनं वर मीठ चोळलं. "भाऊजींच्या गाठीला म्हणे तोड नाही. तुम्ही बांधलेली धुण्याची दोरी सकाळीच सुटली. सगळे कपडे चिखलात."

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. दोराला मेण चोळत म्हणाला, "दादा, हे टोक धर जरा. तेवढं तरी होऊ दे तुझ्या हातून."

थोरला हसला. चहा घेऊन आला. चहात जुलाबाचं औषध. भाऊ दोन दिवस संडासातून उठला नाही म्हणजे झालं, बोलावणं आपसूक आपल्याला. पण जळणाऱ्याचा हात सैल असतो. चमचाभर घालायचं तिथं अर्धी बाटली गेली. दिवेलागणीआधी धाकटा आटोपला.

खटला चालला. न्यायाधीशांनी फाशी सुनावली.

कोठडीत थोरल्याला घास गिळवेना. रोज जेलरला एकच विचारायचा, "माझ्यासाठी कोणाला बोलावलंय?"

"जेवा आधी," जेलर म्हणायचा आणि सटकायचा.

फाशीच्या आदल्या दिवशी तो धापा टाकत आला. हातात दोन कागद. "वाचलात. सकाळीच कायदा पास झाला. आता जन्मभर इथंच राहाल, पण राहाल."

"आणि तो दुसरा कागद?"

"तो आता रद्दी. उद्याच्या कामाचं बोलावणं." जेलर खाकरला. "तुमच्याच नावानं निघालं होतं. दुसरं उरलंय कोण?"

थोरल्यानं कागद घेतला. आपलं नाव, खाली सरकारी शिक्का. दोनदा वाचला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"एक दिवस थांबता आलं नसतं का हो त्यांना?"