शंभरातले पाच

हे लिहिणारच नव्हतो. मित्राचं दुखणं चव्हाट्यावर मांडल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टर मित्राला म्हणाले, "ऑपरेशन केलेल्या शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. नाही केलं, तर आईंचं कठीण आहे. ठरवा."

मित्र कपबशांच्या कारखान्यात भट्टीवर असतो. मला जिन्याकडे ओढत म्हणाला, "तू मोबाईलवरच्या क्लासात गणित शिकलास ना, मास्तर? मग सांग."

"पंच्याण्णव म्हणजे चांगलंच आहे की रे."

"आमचेही शंभरातले पाचच कप तडकतात. कुठले, ते भट्टी उघडल्यावरच कळतं. शंभर आया असत्या तर जमला असता हिशोब. मला एकच आहे."

टक्केवारी समजवण्यात अर्थ नव्हता. आकडा त्याला माझ्याइतकाच कळला होता.

"सही केली आणि ती त्या पाचात निघाली तर? धाकटी म्हणेल, दादानेच मारलं."

"कर सही," मी म्हणालो. "काहीही होऊ दे, तू मारलंस असं मी कुणाला बोलू देणार नाही. तुलासुद्धा."