धुराड्यासमोर कुरडया

चंद्रप्रभाबाईंनी आज मुद्दाम गच्चीच्या मधोमध कुरडया घातल्या. अख्ख्या सोसायटीला दिसाव्यात म्हणून. तीन दिवस गहू भिजवून काढलेला चीक होता, पण खरी घाई वेगळीच होती. समोर, कचऱ्याच्या डोंगराला लागून, नवं धुराडं उभं होतं. घरोघरचा कचरा जाळून वीज करायचा कारखाना. त्यांचा सुधन्वा तिथे इंजिनिअर, आणि आज भट्टी तिसऱ्यांदा पेटायची होती.

आधी दोनदा विझली होती. उन्हाळ्यातला दिल्लीचा कचरा म्हणजे निम्म्याहून जास्त कलिंगडाच्या ओल्या साली. त्या काय कपाळ पेटणार!

"बहनजी, धुआँ आएगा तो?" शेजारच्या अरोराबाईंनी विचारलं. त्यांची चार वर्षांची नात सृष्टी गच्चीभर धावत होती. पोरीला दमा होता. डोंगराला आग लागली की पंप तोंडाला लावावा लागे.

"धुआँ नहीं, भाप आएगी. सुधन्वा बोला है," चंद्रप्रभाबाई ठणकावून म्हणाल्या. "पहाड हर साल अपने आप जलता है, वो अच्छा है क्या? और ये देखो, मैं कुरडई सुखा रही हूँ. अपने घर में खाने के लिए!"

अरोराबाईंना पटलं. खायची वस्तू कोणी उगीच उघड्यावर घालत नाही.

अकरा वाजून गेले आणि सृष्टी ओरडली, "दादी, देखो!"

धुराड्यातून पांढराशुभ्र लोट वर चढत होता. चंद्रप्रभाबाईंनी टाळ्याच वाजवल्या. आनंदानं हसावं की रडावं, त्यांना कळेना. पोरगी उड्या मारू लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई! भट्टी टिकली! आठ मेगावॅट, आई! वीज लाइनवर गेली! इथे सगळे नाचतायत यार!"

"दिसतंय रे, दिसतंय! गच्चीवरच आहे मी."

"गच्चीवर?" सुधन्वाचा आवाज खाली आला. "कुरडया घातल्यास का?"

"मधोमध!"

"आत घे."

"का रे?"

"घे ना. धुराचा फिल्टर अजून लावलेला नाहीये, संध्याकाळी लावतील. आजच्या दिवसापुरतंच. आणि कोणाला बोलू नकोस हं. चल, साहेब आलेत."

अरोराबाईंना मराठी कळत नव्हतं. "क्या बोला बेटा?" त्यांचे डोळे चमकत होते.

"बिजली बन गई," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. मग त्या खाली बसल्या आणि कुरडया भराभर उचलू लागल्या. ओल्या कुरडया बोटांना चिकटत होत्या, तुटत होत्या.

"अरे, अभी तो गीली हैं!"

चंद्रप्रभाबाईंनी तुटलेले तुकडेही पदरात गोळा केले.

"बहनजी, बच्ची को नीचे ले जाओ," त्या म्हणाल्या. "धूप बहुत है."