पहिल्या ठोक्यापर्यंत

इंदुमती घोरपडे यांचं हृदय यांत्रिक होतं. दर महिन्याला त्या घरीच त्याची बॅटरी बदलत. तेव्हा ते थांबे आणि लगेच पुन्हा सुरू होई. आज वार्षिक तपासणीत ते मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केलं होतं, म्हणून रक्त फिरवायला बाहेरचा पंप जोडला होता.

"तीन सेकंदांत सुरू झालं," डॉक्टर दातार म्हणाले. "मर्यादा चारची आहे. पंप काढा."

तंत्रज्ञ शमीम मुलाणी जागची हलली नाही. तिनं स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. एका ओळीची कमांड टाइप केली, की तो वीज मिळाल्यापासून पहिल्या ठोक्यापर्यंतचा वेळ नोंदवून ठेवी.

"सर, चार वर्षं हे हृदय दीड सेकंदात सुरू व्हायचं. आता दुप्पट वेळ लागलाय. पुन्हा बंद करून बघू या."

"नियमात बसतंय ना? मग उगाच छेडायचं कशाला?"

इंदुमती जाग्या होत्या. त्यांनी विचारलं, "शमीम, तुझी खात्री आहे?"

"आहे, मावशी."

"मग कर. बंद पडायचंच असेल, तर इथं पडू दे. घरी मी एकटी असते."

शमीमनं कमांड दिली, हृदय बंद केलं आणि पुन्हा वीज जोडली. चार सेकंद गेले, दहा गेले, तीस गेले. ठोका पडलाच नाही. पंप मात्र चालू होता.

दुपारपर्यंत इंदुमतींना नवं हृदय बसवून झालं. हात धुऊन डॉक्टर शमीमच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"या वर्षी ज्यांना घरी सोडलं," ते म्हणाले, "त्या सगळ्यांच्या नोंदी काढ."