विसापर्यंत

नाटक कंपनीचा मुक्काम रत्नागिरीत, म्हणजे भागोजीच्या गावातच पडला. बायको राही आणि तिचे दोघे भाऊ त्याला भेटायला रंगपटात आले, तर राजाची भूमिका करणारे नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "हे तुमचे भावोजी नट व्हायला आले होते बरं का! पहिल्याच खेळात पाय लटपटले. मग दिली पडद्याची दोरी हातात." रंगपट खो खो हसला. राहीने मान खाली घातली. भागोजीही हसला.

तिसरी घंटा झाली. भागोजीने विंगेत दोरी धरली. बंद पडद्यामागे नाना सिंहासनापुढे उभे राहिले आणि बारा वर्षांच्या सवयीने त्यांनी डोळे मिटले.

"मोज रे," ते कुजबुजले.

हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. भागोजी हलक्या आवाजात वीस आकडे मोजायचा, नाना एकेका आकड्याला श्वास सोडायचे, आणि विसाला त्यांचे पाय कापायचे थांबले की मगच पडदा वर जायचा.

पलीकडे गॅसबत्त्या लखलखत होत्या. पहिल्या रांगेत राही बसली होती.

"एक," भागोजी म्हणाला. "दोन. तीन."

आणि त्याने दोरी ओढली.